फिल्टर कोणत्या फाइलमागे उभा आहे?

लिनक्स कर्नलचा, म्हणजे त्या सिस्टिमच्या गाभ्याचा, माग काढायला ट्रेस-सीएमडी हे टूल वापरणाऱ्यांचे प्रश्न फिरून त्याच जागी येतात: फिल्टर (हवे तेवढेच इव्हेंट, म्हणजे नोंदवलेल्या घटना, गाळून घेणारी अट) दिला, पण लागला नाही. या टूलची ‘रेकॉर्ड’ ही आज्ञा घटना ट्रेस फाइलीत नोंदवते, ‘रिपोर्ट’ ती फाइल वाचून दाखवते. या वेळची उत्तरं एकत्रच देतो.

रिपोर्टमध्ये फिल्टर लावला की ट्रेसची फाइल लहान होते का? (विद्यार्थी, जुळे सोलापूर)

नाही. रिपोर्ट फक्त दाखवतो, मूळ फाइलला हात लावत नाही.

प्रायॉरिटी १०० पेक्षा कमी असा फिल्टर दिला, तर ‘१०० नावाची फाइल नाही’ असं येतं. (बार्शी)

फिल्टरभोवती एकेरी अवतरणचिन्हं घाला. ती नसली की ‘पेक्षा कमी’चं चिन्ह शेल (आपण टाइप केलेली आज्ञा वाचणारा प्रोग्रॅम) स्वतः उचलतं आणि १०० नावाची फाइल शोधतं. ‘पेक्षा जास्त’चं चिन्ह जास्त घातक. त्या नावाची फाइल आधीपासून असेल, तर ती रिकामीच होते.

होस्ट (मूळ मशीन) आणि गेस्ट (त्यावर चालणारं आभासी मशीन) यांच्या दोन फाइली एकाच रिपोर्टला दिल्या. एकीला फिल्टर लागला, दुसरीतलं सगळं ओतलं गेलं. टूल बिघडलंय का? (चिंचोळी एमआयडीसी)

टूल ठीक आहे, क्रम चुकलाय. तुमच्या आज्ञेत आधी आय (-i, फाइल सांगणारा पर्याय) आणि होस्टची फाइल, मग मोठा एफ (-F, फिल्टर देणारा पर्याय) आणि फिल्टर, शेवटी पुन्हा आय आणि गेस्टची फाइल आहे. फाइलीनंतर आलेला फिल्टर फक्त त्या फाइलीचा. दोन्हींना हवा असेल तर तो पहिल्या आयच्या आधी लिहा. वेगवेगळे हवे असतील तर ज्याचा त्याच्या फाइलीमागे. छोटा व्ही (-v) दिलात, तर त्याच्या पुढचे सगळे फिल्टर उलटे होतात, म्हणजे जुळणारे इव्हेंट वगळतात, म्हणून सरळ फिल्टर व्हीच्या आधी उरका. जुन्या आवृत्तीतही हेच होईल असं धरून चालू नका, आपल्या आवृत्तीचं मॅन पान (टूलसोबतची माहितीपुस्तिका) उघडा.

आता खरी काळजी. फिल्टरमध्ये फील्डचं (इव्हेंटमधल्या माहितीच्या रकान्याचं) नाव चुकलं, तर टूल ओरडत नाही, ते नाव सोडून देतं. म्हणून रिपोर्टला मोठा टी (-T) द्या. प्रत्येक इव्हेंटसाठी प्रत्यक्षात कोणता फिल्टर बनला, ते दिसतं. ही तपासणी न करता ‘काही आलं नाही, म्हणजे काही घडलं नाही’ असा निष्कर्ष कृपा करून काढू नका. ग्रुपवर ‘रेकॉर्ड करतानाच फिल्टर लावा’ असा सल्ला फिरतो. तसं करून गाळलेलं पुन्हा मिळत नाही. शंका असेल तर आधी मोकळं रेकॉर्ड करा, गाळणं रिपोर्टमध्ये. मात्र चालू सर्व्हरवर ॲडमिनला विचारल्याशिवाय नको, फाइल भराभर फुगते.

रेकॉर्डमध्ये मोठा एफ दिला तरी इव्हेंट गाळले जात नाहीत. (पंढरपूर)

तिथं मोठ्या एफचा अर्थ वेगळा: आज्ञेत दिलेल्या प्रोग्रॅमपुरतंच रेकॉर्ड करा. इव्हेंटचा फिल्टर छोट्या एफने (-f), आणि तोही त्या इव्हेंटचं नाव देणाऱ्या ई (-e) या पर्यायानंतर.

विक्रेत्यानं शेड्यूलरच्या (कोणती प्रोसेस कधी चालेल ते ठरवणाऱ्या कर्नलच्या भागाच्या) गाळलेल्या रिपोर्टचा स्क्रीनशॉट दाखवून रॅम दुप्पट करायला सांगितलं. (टॉवेल कारखाना, अक्कलकोट रोड)

पैसे देऊ नका. कोणती प्रोसेस कधी बदलली, एवढ्यावरून रॅम कमी आहे हे ठरत नाही. त्याच्याकडून मूळ ट्रेस फाइल आणि पूर्ण आज्ञा मागा. द्यायला टाळाटाळ केली, तर विषय तिथंच थांबवा. तोवर बिलिंगची गर्दी असताना व्हीएमस्टॅट (मेमरीचे आकडे दाखवणारी आज्ञा) चालवून एसआय आणि एसओ (si, so) हे दोन रकाने पाहा. ते शून्यावरच राहिले, तर स्वॅप (रॅममधला मजकूर डिस्कवर हलवणं आणि परत आणणं) होत नाहीये. सतत वर राहिले, तर ते आकडे आणि ती फाइल विक्रीशी संबंध नसलेल्या जाणकाराला दाखवा, आणि मगच खरेदीचं बोला.