बंदुकीचा पहिला सायलेन्सर घेताना

मित्रा, अमेरिकेत ही हौस करता येते, पण आधी दोन गोष्टी बघ. एच-१बी व्हिसावर असशील तर थांब, वकिलाशी बोल. ग्रीन कार्डवाल्याला तशी अडचण नाही. आणि राज्य कुठलं? टेक्सासात चालतं, न्यू जर्सी-कॅलिफोर्नियात नाही.

मग दुकानदारामार्फत एटीएफचा (बंदुकांवर देखरेख ठेवणारं केंद्रीय सरकारी खातं) फॉर्म ४, म्हणजे वस्तू तुझ्या नावावर करण्याचा अर्ज, शिवाय बोटांचे ठसे, फोटो. मंजुरी येईपर्यंत वस्तू दुकानातच. माझा नऊ महिने तिथल्या तिजोरीत पडून होता. मी अधूनमधून नुसता बघून यायचो! आता बरंच लवकर होतं.

नवखे इथे चुकतात:

- सायलेन्सरवरचा २०० डॉलरचा कर १ जानेवारी २०२६ पासून शून्य झाला, म्हणजे कागदपत्रंही गेली असं समजतात. १९३४ च्या केंद्रीय बंदूक कायद्याखालची नोंदणी तशीच आहे.
- ऑनलाइन 'सॉल्व्हंट ट्रॅप' (बंदूक साफ करताना द्रावण गोळा करायची डबी) मागवून घरी भोकं पाडतात आणि त्याचाच सायलेन्सर करतात. मंजुरीशिवाय हा थेट गुन्हा. हात लावू नकोस.
- सायलेन्सर ज्यावर बसतो ते बंदुकीच्या नळीचे आटे न तपासता खरेदी करतात.
- सिनेमातल्यासारखा 'फुस्स' आवाज येईल म्हणून कानाला काही लावत नाहीत. रायफल तरीही दणकन वाजते.

बायकोलाही वापरायचा असेल तर ट्रस्टच्या (दोघांची नावं घालता येतील अशा कायदेशीर व्यवस्थेच्या) नावाने घे. बाकीचं मंजुरी आल्यावर बोलू.