पुणे जिल्ह्यात एवढ्या नद्या असूनही जुन्या पाणचक्क्या का दिसत नाहीत?

हिमालयातील खेड्यांत पाण्यावर चालणाऱ्या गिरण्या आजही आढळतात, मग आपल्याकडे त्या का नाहीत, असे आपण विचारले आहे. माझ्या मते याचे कारण पाण्याच्या सातत्यात शोधावे लागते.

उत्तराखंड आणि हिमाचलातील ‘घराट’, म्हणजे तिथल्या पाणचक्क्या, बारमाही ओढ्यांवर उभे राहिले. ओढ्याला पाट काढून ते पाणी तिरप्या लाकडी पन्हाळीतून आडव्या चाकाच्या पात्यांवर सोडतात आणि चाकाचा उभा कणा खालच्या स्थिर तळीच्या, म्हणजे दळणाच्या दगडाच्या, भोकातून वर येऊन वरची तळी फिरवतो. दातेरी चाके लागत नसल्यामुळे गावचा सुतार आणि पाथरवट मिळून सगळी डागडुजी करू शकतात. धान्यही हाताने वैरावे लागत नाही. वर टांगलेल्या धान्याच्या पेटीला बांधलेली काठी फिरत्या दगडावर टेकलेली असते. ती थरथरली की दाणे पडतात, त्यामुळे पाण्याचा जोर वाढला की दाणे अधिक आणि जोर ओसरला की कमी, हे आपोआप जमते. इतक्या साध्या साधनांनी साधलेला हा मेळ मला फार मोलाचा वाटतो.

आपल्या मुठा-नीरेचे तसे नव्हते. पावसाळ्यात लोंढे आणि उन्हाळ्यात डबकी, अशा नदीवर कोण चक्की बांधणार? त्यातून काळा बेसाल्ट हाताशी होता, तेव्हा घरोघरी जाते आले, ते गुळगुळीत झाले की टाकी लावून, म्हणजे छिन्नीने ठोकून पुन्हा खरबरीत करून, घेतले गेले, आणि पहाटेच्या दळणाचे सगळे कष्ट बायकांच्या वाट्याला आले. पुढे इंजिनाची, मग विजेची गिरणी आली तेव्हाच ते कष्ट कमी झाले.

छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की याला अपवाद ठरली, कारण तिथे कित्येक किलोमीटरवरून जमिनीखालच्या मातीच्या नळांनी पाणी आणले गेले. सूफी संत बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यातील फकीर आणि वाटसरू यांच्यासाठी त्यावर धान्य दळले जाई. पुण्यातही 1749 च्या सुमारास नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तलावातून भुयारी नळाने शनिवारवाड्यापर्यंत पाणी आणले, पण ते हौदांसाठी, म्हणजे पिण्या-वापरण्यासाठी होते, आणि दुष्काळी मुलखाच्या काठावरील शहराने ते तसेच वापरणे मला योग्य वाटते.