सत्काराची अट

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र परवा मिळाले. गावाने तुझ्या सुवर्णपदकाचा सत्कार ठरवला आहे, पण तुमच्या वस्तीतल्या माणसांच्या खुर्च्या मंडपाबाहेर मांडल्या जाणार आहेत आणि तुझ्या वडिलांना ‘ही केवळ सोयीची व्यवस्था आहे’ असे सांगण्यात आले आहे, हे वाचून मी बराच वेळ नुसताच बसून राहिलो. जावे की जाऊ नये, एवढेच तू विचारले आहेस. माझ्या मते तिसराही एक मार्ग आहे, परंतु तो सांगण्याआधी तुला दोन सत्कारांची हकीकत सांगतो. दोन्ही सत्कार अमेरिकेच्या दक्षिण भागातले आहेत आणि दोन्ही ऑलिंपिक जिंकून आलेल्या कृष्णवर्णीय तरुणींचे आहेत.

जॉर्जिया राज्यातल्या ऑल्बनी गावच्या ॲलिस कोचमनने १९४८ साली लंडनमध्ये १.६८ मीटर उंच उडी मारून सुवर्णपदक मिळवले. ऑलिंपिक सुवर्ण जिंकणारी ती जगातली पहिली कृष्णवर्णीय स्त्री होय. पदक तिला खुद्द इंग्लंडच्या राजाने दिले. गावी परतल्यावर मिरवणूक निघाली, पण सभागृहात गोरे एका बाजूला आणि काळे दुसऱ्या बाजूला बसवले गेले, व्यासपीठावर असलेल्या महापौरांनी तिच्याशी हस्तांदोलनही केले नाही आणि समारंभानंतर तिला बाजूच्या दाराने बाहेर पडावे लागले. राजाला जे जड गेले नाही, ते महापौरांना गेले! ॲलिस गप्प राहिली म्हणून तिला कोणी दुबळी ठरवू नये. त्या काळच्या जॉर्जियात बोलण्याची किंमत काय पडे, याचा हिशेब आपण इथे बसून करू शकत नाही.

बारा वर्षांनी टेनेसी राज्यातल्या क्लार्क्सव्हिल गावावर हीच वेळ आली. विल्मा रुडॉल्फ ही तिथल्या एका गरीब घरातली मुलगी; वडिलांच्या बावीस मुलांपैकी विसावी. लहानपणी पोलिओने तिचा डावा पाय अधू झाला. गावात कृष्णवर्णीयांना उपचार मिळणे कठीण, म्हणून आई तिला दर आठवड्याला बसने सुमारे ८० किलोमीटरवरच्या नॅशव्हिलला, कृष्णवर्णीयांसाठी असलेल्या रुग्णालयात नेत असे, आणि त्या बसमध्येही त्यांची जागा मागच्या बाजूलाच असे. घरी आई आणि भावंडे दिवसातून चार वेळा तिचा पाय चोळून देत. तिच्या वेगाची चर्चा करणारे त्या घरातल्या हातांचा उल्लेख क्वचितच करतात, याची मला नेहमी खंत वाटते.

पुढे टेनेसी स्टेट विद्यापीठात तिला एड टेम्पल हे प्रशिक्षक लाभले. समाजशास्त्र शिकवणारे हे गृहस्थ मुलींना स्वतःच्या गाडीतून स्पर्धांना नेत. वाटेतल्या खाणावळी आणि स्वच्छतागृहे कृष्णवर्णीयांना बंद असत, त्यामुळे जेवणाचे डबे बरोबर बांधून घ्यावे लागत. सरावाला जितकी मिनिटे उशीर, तितक्या जादा फेऱ्या, हा त्यांचा नियम होता. एकदा विल्मा अर्धा तास उशिरा पोहोचली, तेव्हा त्यांनी तिला तीस फेऱ्या पळायला लावल्या. दुसऱ्या दिवशी ती अर्धा तास आधीच हजर होती. रोममध्ये १९६० साली तिने १०० मीटर, २०० मीटर आणि ४ × १०० मीटर रिले अशी तीन सुवर्णपदके जिंकली. रिलेच्या अंतिम फेरीत तिच्या हातून बॅटन जवळजवळ निसटली होती, तरीही तिने पुढचीला गाठून मागे टाकले. त्या चौघीही टेम्पल सरांच्याच विद्यार्थिनी होत्या.

आता तुझ्या प्रश्नाशी थेट संबंध असलेला भाग. गावाने तिच्या स्वागताची तयारी सुरू केली. राज्याचे गव्हर्नर वर्णभेदाचे उघड समर्थक असूनही या समारंभात त्यांना मिरवायचे होते. विल्माने कळवले की, गोरे आणि काळे वेगवेगळे बसणार असतील तर ती येणार नाही. तिने सत्कार नाकारला नाही. त्याला अट घातली. गावाला ती मान्य करावी लागली, कारण सत्काराची गरज तिच्यापेक्षा गावालाच अधिक होती. ४ ऑक्टोबर १९६० रोजी निघालेली मिरवणूक आणि त्यानंतरची मेजवानी हे क्लार्क्सव्हिलच्या इतिहासातले दोन्ही वर्णांच्या लोकांचे पहिले एकत्रित कार्यक्रम ठरले.

इथे मी तुला फसवू इच्छित नाही. त्या एका संध्याकाळने गाव बदलले नाही. १९६३ साली, तीन सुवर्णपदके घरात असताना, त्याच गावातल्या एका उपाहारगृहात कृष्णवर्णीय म्हणून तिला प्रवेश नाकारला गेला आणि ती इतरांबरोबर निदर्शनांना उभी राहिली. त्यानंतर थोड्याच काळात उपाहारगृहांसह शहरातल्या सार्वजनिक जागा सर्वांना खुल्या करण्याची घोषणा महापौरांनी केली.

तेव्हा माझे म्हणणे असे की, सत्कार समितीला लेखी उत्तर पाठव. भाषा नम्र असू दे, पण त्यात आरोप नको आणि आभारांची रेलचेलही नको. सर्वांच्या खुर्च्या एकाच मंडपात, कोणीही कुठेही बसेल अशा मांडल्या जाव्यात, एवढी एकच गोष्ट स्पष्ट लिही. मात्र हे पत्र टाकण्याआधी आई-वडिलांशी नीट बोल. तू वसतिगृहात परत येशील, त्यांना तिथेच राहायचे आहे. त्यांना हे झेपणारे नसेल, तर सरावाचे कारण देऊन कार्यक्रम पुढे ढकल. त्यात मला काही कमीपणा वाटणार नाही आणि तूही तो मानू नकोस. समितीने अट मान्य केली, तर पहिल्या रांगेत तुझ्या आईसाठी जागा राखून ठेवायला सांग. मला बोलावलेस, तर मी मागे कुठेही बसेन.

निर्णय काहीही होवो, सोमवारी सकाळी साडेपाचला मैदानावर ये. टेम्पल सरांचा फेऱ्यांचा नियम मी यंदापासून आपल्याकडेही लागू केला आहे.

तुझे
सर