यंदा कोणतं कूप पडणार, हे कोण ठरवतं?

प्रश्न: आमच्या गावाला लागून असलेल्या जंगलात दरवर्षी वेगळ्या भागात झाडं तोडतात. यंदा कुठे तोडायचं हे कोण ठरवतं? दहा वर्षांचा आराखडा असतो म्हणे, तो बनतो कसा? त्यात गावाला काही म्हणता येतं का?

उत्तर:

यंदा तुमच्या शेजारी पडलेलं कूप, म्हणजे एका वर्षाच्या तोडीला लावलेला जंगलाचा तुकडा, यंदा कुणी निवडलेलं नाही. त्याचा नंबर आणि साल काही वर्षांपूर्वीच एका जाडजूड पुस्तकात छापलं गेलंय. त्या पुस्तकाचं नाव कार्य आयोजना. आम्ही सगळे वर्किंग प्लॅनच म्हणायचो. एका वनविभागाची एक आयोजना, मुदत साधारण दहा वर्षं. मी विदर्भात वनपाल होतो आणि नोकरीतले तीन हिवाळे कार्य आयोजनेच्या मोजणी पथकात काढले. त्यामुळे खाली लिहिलंय ते बरंचसं माझ्या पायाखालचं आहे.

जुन्या आयोजनेची मुदत संपायच्या दोन-तीन वर्षं आधी नव्या आयोजनेचं काम हाती घ्यावं लागतं. त्यासाठी उपवनसंरक्षक दर्जाचा वेगळा अधिकारी असतो. वनविभाग चालवणारे साहेब वेगळे आणि आयोजना लिहिणारे वेगळे, ही व्यवस्था मला फार शहाणपणाची वाटते. आपल्याच दहा वर्षांच्या कामाचा हिशेब आपणच लिहायचा म्हटलं तर तो खरा उतरणं अवघड. हे अधिकारी आधी एक प्राथमिक अहवाल करतात: मागच्या वेळी काय ठरलं होतं, त्यातलं किती झालं, रोपवनं जगली की गेली, आता काय बदलायला हवं. तो वरून मंजूर झाला की मोजणीला हात लागतो. काय मोजायचं, कोणती प्रकरणं लिहायची, हे राष्ट्रीय कार्य आयोजना संहितेत दिलेलं असतं. २००४ ची संहिता पुढे २०१४ ला बदलली, मग २०२३ ला. दरवेळी लाकडापलीकडच्या गोष्टींना, म्हणजे पाणी, जैवविविधता, कार्बन, गावाच्या गरजा यांना, जास्त जागा मिळत गेली.

या सगळ्याचा पाया म्हणजे कक्ष. वनविभाग, त्यात परिक्षेत्रं, त्यात परिमंडळं, त्यात बीट आणि बीटमध्ये कक्ष. वनरक्षक बदलून जातात, साहेब बदलून जातात, कक्षाचा नंबर मात्र तसाच राहतो. प्रत्येक कक्षाचा इतिहास लिहून ठेवायचा असतो: कोणत्या साली कूप पडलं, कधी रोपवन घेतलं, कधी वणवा गेला, बांबू कधी फुलला. ही नोंदवही नीट ठेवलेली असली की आयोजना लिहिणाऱ्याचं निम्मं काम होतं. कोरी असली तर दहा वर्षांची आठवण गेली असं समजा. मी नोकरीत होतो तेव्हा नव्या पोरांना हे एवढंच कळवळून सांगायचो: संध्याकाळी दोन ओळी लिहा, पण लिहा.

आता मोजणी. उपग्रहाच्या चित्रावरून झाडांचं छत्र किती दाट आहे ते कळतं. ७० टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर अति घनदाट, ४० ते ७० मध्यम, १० ते ४० विरळ. पण त्या छत्राखाली पुढची पिढी उगवतेय का, हे वरून दिसत नाही. त्यासाठी जंगलात जावंच लागतं. नकाशावर ठरावीक अंतराची चौकट आखतात, तिचे बिंदू जिथे पडतील तिथे प्लॉट घ्यायचा. बिंदू कुणाच्या सोयीने हलवायचा नाही. खडकावर पडला तर खडकावर, नाल्यात पडला तर नाल्यात. आम्ही जीपीएस घेऊन बिंदूवर पोचायचो, मध्ये खुंटी ठोकायचो आणि तिथून ईशान्य, आग्नेय, नैर्ऋत्य, वायव्य अशा चारही कोनांकडे २२.३६ मीटर दोरी ताणायचो. चारही टोकं जोडली की ३१.६२ मीटर बाजूचा चौकोन मिळतो, म्हणजे दशांश हेक्टर. उतार असेल तर दोरी जमिनीला चिकटवून चालत नाही, आडवी पातळी धरावी लागते, नाहीतर प्लॉट लहान पडतो आणि पुढे सगळा हिशेब बिघडतो.

त्या चौकोनातल्या ठरावीक घेराच्या वरच्या प्रत्येक झाडाला टेप लावायची. छातीच्या उंचीवर, म्हणजे १.३७ मीटरवर. झाड उतारावर असेल तर वरच्या अंगाने उभं राहून. एक जण ओरडतो, “साग, अठ्ठ्याहत्तर!” दुसरा तक्त्यात लिहितो आणि मोजलेल्या झाडावर खडूची रेघ ओढतो, तेच झाड दोनदा मोजलं जाऊ नये म्हणून. साग, ऐन, धावडा, बीजा, लेंडिया, मोह, तेंदू. मग झुडपांसाठी तीन मीटरचे छोटे चौकोन आणि गवतासाठी एक मीटरचे. खरी गोष्ट तिथे, गुडघ्यावर बसल्यावर कळते.

एका प्लॉटवर चारोळीची, म्हणजे चाराची, चांगली मोठी चार-पाच झाडं होती, पण रोप एकही नाही. वाट दाखवायला गावातले एक म्हातारबाबा बरोबर आले होते. मी म्हटलं, “बाबा, इथे चाराचं पोर एकही दिसत नाही?” ते म्हणाले, “बी भुईवर पडलं तं उगवन ना साहेब. कच्चंच ओरबाडून नेतेत.” शेजारच्या गावाने आधी तोडू नये म्हणून प्रत्येक जण लवकर तोडतो, फळ पिकूच देत नाहीत. तक्त्यात मी ‘पुनर्निर्मिती: नाही’ असा शेरा लिहिला. कारण लिहायला तिथे रकानाच नव्हता. मी तक्त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूला बाबांचं वाक्य लिहून ठेवलं. आमच्या साहेबांनी मागची बाजूही वाचली, आणि आयोजनेत चारोळी गोळा करण्याबद्दल एक परिच्छेद आला. ते पान मी नंतर दोनदा उघडून पाहिलं.

उलटंही पाहिलंय. एका मोसमात एका पथकाने चौदा प्लॉट गावात बसून भरले. पडताळणीला गेल्यावर जिथे सागाची दाट पोलं, म्हणजे तरणी, अजून पक्व न झालेली झाडं, दाखवली होती तिथे नुसता खडक आणि घाणेरीची जाळी. सगळे चौदा प्लॉट मार्चच्या उन्हात पुन्हा घ्यावे लागले. पकडले गेले म्हणून बरं. तसेच राहिले असते तर नसलेल्या झाडांच्या हिशेबाने पुढची दहा वर्षं असलेली झाडं तुटली असती. मला त्या वेळी आलेला राग अजून गेलेला नाही.

जंगल मोजायची रीत जुनी आहे. १८५६ मध्ये डीट्रिख ब्रांडिस हे जर्मन गृहस्थ ब्रह्मदेशातल्या पेगूच्या सागवनाचे प्रमुख झाले. तिथे ते हत्तीवर बसून ठरलेल्या वाटेने जात, सागाचे घेराप्रमाणे वर्ग पाडत आणि बांबूच्या तुकड्यांवर चाकूने खाचा करून नोंद ठेवत. १८६४ मध्ये ते हिंदुस्थानचे पहिले वन महानिरीक्षक झाले. जंगलात काय आहे हे मोजल्याशिवाय काय काढायचं ते ठरवू नये, ही शिस्त तेव्हापासूनची. अर्थात तेव्हा मोजलं जायचं ते सरकारला किती लाकूड मिळेल यासाठी, आणि जंगलात राहणाऱ्या माणसाला त्यात फारशी जागा नव्हती, हेही तितकंच खरं.

किती काढायचं, याचं एक सोपं सूत्र आम्हाला शिकवलं होतं, फॉन मँटेलचं. उभा साठा दुप्पट करायचा आणि झाड पक्व व्हायला लागणाऱ्या वर्षांनी भागायचं. समजा एखाद्या भागात ६०,००० घनमीटर लाकूड उभं आहे आणि झाड पक्व व्हायला ८० वर्षं लागतात, तर वर्षाला १,५०० घनमीटरच्या पुढे जायचं नाही. प्रत्यक्षात सगळ्या वयाची झाडं सारख्या प्रमाणात कुठेच नसतात, म्हणून हे सूत्र म्हणजे लक्ष्मणरेषा समजायची, उद्दिष्ट नव्हे. वाढ होते तेवढंच घ्यायचं, मुद्दलाला हात लावायचा नाही.

मग जंगलाची कार्यवर्तुळं पाडतात, म्हणजे ज्या भागाला जी वागणूक हवी त्याप्रमाणे वाटणी. बऱ्या सागवनाला निवड आणि सुधारणा, उजाड झालेल्याला वनीकरण, जुन्या सागाच्या रोपवनांना विरळणी. बांबू, तेंदूपाना-मोहासारखं गौण वनोपज आणि वन्यजीव यांची वर्तुळं या सगळ्यांवर पांघरल्यासारखी येतात. निवड आणि सुधारणा वर्तुळातल्या प्रत्येक मालिकेचे, म्हणजे तोडीसाठी एकत्र धरलेल्या कक्षांच्या गटाचे, बहुतेकदा २० भाग पाडतात, दरवर्षी एक. तोच तुमचा कूप. पण कूप आला म्हणजे सगळं सफाचट होत नाही. तोडीच्या आधी त्याचा उपचार नकाशा करतात. २५ अंशांहून जास्त उतार आणि नदी-नाल्याच्या दोन्ही बाजूंचे २० मीटर हा ‘ए’ प्रकार, तिथे तोड नाही. विरळ झालेला तो ‘बी’, तिथे लागवड. जोमदार पोलांचे गट ‘सी’, ते पुढच्या पिढीसाठी राखायचे. पक्व झाडं असलेला भाग ‘डी’, निवडून तोड तिथेच, आणि तीही आधी हातोड्याचा छाप मारलेल्या झाडांची. तुमच्या कुपात नाल्याच्या काठची झाडं पडलेली दिसली तर सरळ विचारा, हा भाग उपचार नकाशावर कोणत्या प्रकारात आहे. तो नकाशा पाहायला मागणं तुमचा हक्क आहे.

लिहून झालेली आयोजना राज्याच्या वन मुख्यालयातून केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाच्या प्रादेशिक कार्यालयाकडे जाते. आपल्याकरता ते नागपूरला आहे. ही पायरी टाळता येत नाही. जंगलतोडीबद्दलच्या गोदावर्मन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबर १९९६ ला आदेश दिला की केंद्राने मंजूर केलेल्या कार्य आयोजनेशिवाय जंगलात तोड होणार नाही. त्याआधी मुदत संपलेल्या आयोजनेवरही गाडा ओढला जायचा. मंजुरीनंतर ठरल्यापेक्षा वेगळं करायचं असेल तर कारण देऊन वरून परवानगी घ्यावी लागते. व्याघ्र प्रकल्पाचा व्याघ्र संवर्धन आराखडा वेगळा, त्याचा आधार वन्यजीव संरक्षण कायदा. वन विकास महामंडळाकडच्या जंगलाचाही आराखडा वेगळा असतो.

आता गावाचं. आयोजना तयार होताना वन व्यवस्थापन समित्यांशी, गावकऱ्यांशी बोलणं करायचं असतं. काही ठिकाणी मी खरंच मनापासून झालेल्या बैठका पाहिल्या, काही ठिकाणी नुसत्या सह्या. माझं ठाम मत आहे की गावाशी पहिलं बोलणं प्राथमिक अहवालाच्याही आधी व्हायला हवं. मसुदा तयार झाल्यावर गाव काय सांगणार?

तुमच्या गावाला सामूहिक वनहक्क मिळालेला असेल तर गोष्टच बदलते. वनहक्क कायदा २००६ चा. त्याच्या नियमांप्रमाणे ग्रामसभेची समिती स्वतःच्या वनाचा संवर्धन आणि व्यवस्थापन आराखडा करते, आणि तो वनविभागाच्या आयोजनेशी जोडताना काय बदल करायचे हे ठरवते तीच समिती. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर वनावर हा हक्क मिळाला. तरी बांबूची वाहतूक कुणाच्या परवान्याने करायची यावर अडलं होतं. २७ एप्रिल २०११ ला तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन वाहतूक परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. खाकी वर्दीत तीस वर्षं घालवलेला माणूस म्हणून सांगतो, हे व्हायलाच हवं होतं. बांबूच्या रांजीतला कोवळा कोंब कोणता आणि तोडायजोगा जुना कोणता, हे मला एका गोंड बाईने शिकवलं, प्रशिक्षण केंद्राने नंतर.

एक मोठी अडचण उरते. मी हाताळलेल्या सगळ्या आयोजना इंग्रजीत होत्या. ज्या गावाच्या जंगलाचं पुढच्या दहा वर्षांचं काय होणार ते त्यात लिहिलंय, त्या गावाला ते वाचता येत नाही. निदान प्रत्येक बीटपुरती चार-सहा पानं मराठीत काढून ग्रामपंचायतीत लावावीत, असं मी वरिष्ठांना लेखी सुचवलं होतं.

तुम्ही आत्ता काय करू शकता? जंगलात शिरताना हद्दीच्या झाडांवर रंगवलेला नंबर दिसेल, तो तुमचा कक्ष. तो टिपून घ्या. काही वनविभागांच्या आयोजना वन विभागाच्या संकेतस्थळावर आहेत; नसेल तर माहिती अधिकारात मागा. आयोजनेचे दोन खंड असतात. पहिल्यात मजकूर, दुसऱ्यात तक्ते. तुम्ही आधी दुसरा उघडा आणि कुपांच्या यादीत आपल्या कक्षाची ओळ शोधा. कूप कोणत्या साली आणि कोणत्या कार्यवर्तुळात, दोन्ही तिथे सापडेल. त्या ओळीचा फोटो काढून मला पाठवलात तर पुढे कोणत्या पानावर काय पाहायचं ते मी सांगतो.