तुला ते अजून ठाऊक नाही

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

काल तालमीत तुझा निरोपाचा प्रवेश पाहिला. डोळ्यांत पाणी आलं, आवाज चिरकला, हातही थरथरले. भरतमुनींनी नाट्यशास्त्रात सांगितलेल्या 8 सात्त्विक भावांपैकी, म्हणजे मनातलं शरीरावर उमटतं त्या खुणांपैकी, अश्रू, स्वरभंग आणि वेपथु (थरथर) असे तीन तू एका दमात आणलेस. तरी माझ्या मनाला काही भिडलं नाही. का, याचा उलगडा मला रात्री झाला.

नाटकातला भाऊ “मी परत येणार नाही” म्हणाला, त्याच्या आधीच तुझा चेहरा पडला होता. तू करतेस त्या त्याच्या बहिणीला ते अजून ठाऊक नाही गं! ठाऊक आहे ते तुला, कारण संहिता तू पाठ केली आहेस. सगळा प्रवेश खोटा वाटला तो एवढ्यामुळेच.

माझ्याही हातून हे वर्षानुवर्षं होत होतं. एका प्रयोगात समोरचा नट वाक्य विसरला आणि भलतंच काही बोलला. उत्तर द्यायचं तर आधी तो काय म्हणतोय ते ऐकणं भाग होतं. मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. खोकणारं, चुळबुळणारं प्रेक्षागृह त्या मिनिटभरात चिडीचूप झालं. तोवर मी त्याचं बोलणं कधी ऐकलंच नव्हतं, नुसती माझ्या पाळीची वाट बघत होते.

म्हणून पाठांतर करताना वाक्यांना चाल लावू नकोस. कपड्यांच्या घड्या घालत, भाव न आणता, सपाट म्हण. एकदा चाल बसली की समोरच्याने काहीही केलं तरी तुझं उत्तर त्याच सुरात येणार. अमेरिकन अभिनयशिक्षक सॅनफर्ड माइझनर यांचा एक सराव आहे, तोही कर. दोघांनी समोरासमोर बसायचं. एकाने समोर दिसेल ते म्हणायचं, “तू ओठ चावतोयस.” दुसऱ्याने तेच परत म्हणायचं, “मी ओठ चावतोय.” हे पुन्हा पुन्हा, आणि समोरच्यात काही बदललं की वाक्यही बदलायचं. सुरुवातीला बावळट वाटेल, पण स्वतःवरचं लक्ष उडेपर्यंत सोडू नकोस.

दुसरं म्हणजे, “मला दुःखी व्हायचंय” असं ठरवून रंगमंचावर जाऊ नकोस. ठरवून दुःखी होता येत नाही. भावाला उंबरठ्यावर अडवणं मात्र करता येतं. या पात्राला आत्ता काय हवंय, हा प्रश्न रशियन दिग्दर्शक स्तानिस्लाव्हस्कींनी नटाच्या हाती दिला, आणि मला आजही तोच सगळ्यात उपयोगी वाटतो. बहिणीला तो जायला नकोय, म्हणून ती बॅगेची चेन लावायला मुद्दाम वेळ लावते, राहिलेलं काहीतरी आठवून देते. आणि रडू येत असलं तर ती ते दाबते. आपण सगळेच दाबतो. ते दाबणं दिसलं की प्रेक्षकाचा घसा दाटतो. तुझं पाणी आलं नाही तरी चालेल, मी त्याबद्दल एका शब्दाने बोलणार नाही.

आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचला पाहिजे, तो रियाझ सोडू नकोस. त्याबद्दल पुन्हा कधीतरी सविस्तर बोलू.

उद्या येताना बॅग रिकामी आणू नकोस. त्याचे कपडे, पुस्तकं, जे काय तो नेईल ते सगळं तू स्वतः भर. उचलताना तुझा खांदा झुकायला हवा.

तुझी,
ताई