काय घालून जाऊ, काका?

कोल्हापूर, रविवार दुपार

चि. पोरी,

तुझा मेसेज सकाळी वाचला. पुण्याच्या कस्टमरनं सप्लायर लोकांना गोल्फला बोलावलंय, आपल्या लोखंड ओतायच्या कंपनीतनं तू एकटीच जाणार, "काका, काय घालून जाऊ?" फोनवर अंगठ्यानं टाइप करून हे सांगणं मला जमायचं नाही, म्हणून कागद घेऊन बसलोय. फोटो काढून पाठवतो. तुझी काकू म्हणते, पोरीनं कपडे विचारलेत, तुम्ही इतिहास सांगत बसाल. बसणारच आहे. पण आधी कपड्यांचं उरकतो.

कॉलरचा टी-शर्ट आणि साधी, नीट शिवलेली पँट. जीन्स नको, कितीही महागातली असली तरी. ढीगभर खिशांची कार्गो नको, गोल गळ्याचा टी-शर्ट नको. टोपी चालते, पण जेवणाच्या हॉलमध्ये शिरताना ती हातात घ्यायची. बायकांना बिनबाह्यांचा कॉलरवाला टी-शर्ट बहुतेक ठिकाणी चालतो, गुडघ्यापर्यंतची हाफ पँटही चालते. कुर्ता-सलवारीचं मात्र प्रत्येक क्लबाचं वेगळं असतं. त्यामुळं उद्याच क्लबाच्या ऑफिसात फोन लाव आणि सरळ विचार. विचारण्यात कमीपणा कसला? आपण ड्रॉइंग न बघता कास्टिंग ओततो का?

बुटांचं जरा नीट ऐक. गोल्फचे बूट पहिल्याच खेपेला विकत घेऊ नकोस, सपाट तळाचे खेळाचे बूट चालतात का तेवढं त्याच फोनवर विचारून घे. टाचेचं काही नको. ज्या हिरवळीवर चेंडू हळूच ढकलत भोकात घालायचा असतो, तिथलं गवत तीन-चार मिलिमीटरवर कापलेलं असतं. तिथं टाच रुतली की खळगा पडतो आणि मागनं येणाऱ्याचा चेंडू वाट सोडतो. पूर्वी बुटांना लोखंडी खिळे असायचे. 1990 नंतर बहुतेक क्लबांनी ते बंद करून प्लॅस्टिकचे आणले, ते ह्याच कारणानं.

आता इतिहास. तुझा शिरोलीतल्या आपल्या कारखान्यातला पहिला दिवस आठवतो? जॉर्जेटची ओढणी घेऊन आली होतीस आणि मी तुला भट्टीच्या दारातनं परत पाठवलं होतं. दिवसभर तोंड फुगवून पॅटर्न शॉपमध्ये बसलीस. दुसऱ्या दिवशी चौदाशे डिग्रीचं लोखंड लेडलमधनं, म्हणजे ओतायच्या भांड्यातनं, साच्यात पडताना ठिणग्या कशा उडतात ते दाखवलं, नायलॉनची चिंधी कशी वितळून चिकटते ते दाखवलं, तेव्हा कुठं तुझा राग गेला. त्यानंतर तू स्वतःच नव्या पोरांना टेरिकॉटच्या शर्टावरून झाडायला लागलीस. तोही ड्रेस कोडच. कारण कळलं की माणसाला तो जड जात नाही.

गोल्फच्या जुन्या कपड्यांतही असं एक कारण सापडतं, आणि मला ते फार आवडतं. ब्रिटनमध्ये सुरुवातीला हा खेळ गावाच्या मोकळ्या माळावर चालायचा. त्याच माळावर लोक फिरायचे, गुरं चरायची, पोरं खेळायची. आपल्या गायरानासारखंच म्हण ना. कडक चेंडू लांबनं सुसाट येणार, तर लोकांना खेळणारा दिसायला नको का? म्हणून खेळणारे लाल कोट घालायचे. लंडनच्या विम्बल्डन कॉमनवर आजही गोल्फ खेळायचा तर वर लाल कपडा लागतो, कारण तो माळ अजून सगळ्यांचा आहे. पुढं क्लबांनी स्वतःच्या जमिनी घेतल्या, कुंपणं घातली, तेव्हा लाल कोटाचं काम संपलं. कोट मात्र राहिला, मानाचा म्हणून. इशाऱ्यासाठी घातलेलं कापड रुबाबाचं कधी झालं ते कुणाच्या लक्षातही आलं नसेल.

कॉलरच्या टी-शर्टाचंही असंच. आज त्याच्याशिवाय आत सोडत नाहीत, पण तो मूळचा टेनिसवाल्यांचा. रेने लाकोस्त नावाच्या फ्रेंच खेळाडूनं 1926 साली लांब बाह्यांच्या कडक शर्टाला कंटाळून आखूड बाह्यांचा सैल शर्ट घातला. तेव्हा तो बंडखोरीचा कपडा होता. शंभर वर्षांत बंडखोर शिस्तीचा पहारेकरी झाला. (हे काकूला वाचून दाखवलं. तिचं म्हणणं, तुम्हीही कंपनीत तसेच झालात.) हाफ पँटीचं अजून भिजत घोंगडं आहे. अमेरिकेत व्यावसायिक गोल्फचे सामने भरवणाऱ्या पीजीए टूरनं 2019 मध्ये पुरुष खेळाडूंना सरावाच्या दिवशी ती घालू दिली, पण सामन्यात अजून पूर्ण पँटच. तुम्हा बायकांची तऱ्हा आणखी वेगळी. 2017 मध्ये बायकांच्या एलपीजीए टूरनं खोल गळे आणि आखूड स्कर्ट ह्यांवर नियम काढला आणि मोडणाऱ्याला पहिल्या खेपेला हजार डॉलर दंड ठेवला.

एक लक्षात ठेव. गोल्फच्या मूळ नियमांच्या पुस्तकात कपड्यांचा नियमच नाही. तिथं चेंडू, काठी, खड्डा, पाणी, दंड एवढंच. कपड्यांची पाटी लावतो तो क्लब किंवा स्पर्धेची कमिटी. म्हणून पाटी वाचताना मी स्वतःला विचारतो, ही कशाची राखण करते? गवताची, की दाराची?

दाराची राखण करणाऱ्या पाट्या खूप झाल्या. स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजच्या रॉयल अँड एन्शंट गोल्फ क्लबानं बायकांना सभासद करून घ्यायचं ठरवलं ते 2014 मध्ये. अमेरिकेतल्या ऑगस्टा गोल्फ क्लबाचं ते हिरवं जॅकेट तू टीव्हीवर पाहिलं असशील, तिथं पहिला काळा सभासद 1990 मध्ये आला आणि पहिल्या दोन बायका 2012 मध्ये. आपल्याकडचं सांगायचं तर आपल्या पंढरपुरात जन्मलेले एम. एफ. हुसेन अनवाणी आले म्हणून 1988 मध्ये मुंबईतल्या एका जुन्या क्लबानं त्यांना दारातनं परत पाठवलं. चेन्नईत 2014 मध्ये हायकोर्टाच्या न्यायमूर्तींना वेष्टी, म्हणजे तिकडचं धोतर, नेसल्यामुळं एका क्लबात घेतलं नाही, त्यावर इतका गदारोळ उठला की तामिळनाडू सरकारनं त्याच वर्षी कायदा करून टाकला, वेष्टीवाल्याला अडवायचं नाही म्हणून. आणि 2017 मध्ये दिल्लीतल्या एका गोल्फ क्लबात मेघालयच्या एका खासी बाईंना जेवणाच्या टेबलावरनं उठवलं. त्या त्यांच्या जैनसेममध्ये, म्हणजे खासी बायकांच्या पारंपरिक वेशात होत्या. तो वेश मोलकरणीसारखा दिसतो म्हणे. मला त्यात दुहेरी अपमान दिसतो. एक त्या बाईंचा, आणि दुसरा मोलकरणीचा, जिच्याबद्दल कुणी काही बोललंच नाही.

आपण कोल्हापूरवाल्यांनी फार शेफारून जायचं कारण नाही. तालमीत पायताण बाहेर काढायचं, लंगोट कसायचा, मातीला हात लावून तो कपाळाला लावायचा. ह्यातलं पायताणाचं कारण सरळ आहे. त्या मातीत ताक, तेल, हळद, कापूर पडलेला असतो आणि पोरांची उघडी अंगं त्यावर घासतात. पण वर्षानुवर्षं पोरींना तालमीची पायरी चढू दिली नाही, त्याला कुठल्या मातीचं कारण होतं? सोवळ्याचं तर बोलतच नाही, काकू ऐकतेय.

माझं स्वतःचं सांगतो, तुला हे कधी सांगितलं नव्हतं. पंचवीस-तीस वर्षं झाली. एका मोठ्या शहरात मशिनरीचं प्रदर्शन होतं आणि रात्री कस्टमरनं जुन्या क्लबात जेवायला बोलावलं. मी आपला पांढरा झब्बा, पायात करकर वाजणारं कापशी पायताण. चप्पल लाइनीतनं माप देऊन करून घेतलेलं, वादीनं शिवलेलं, एक खिळा नाही. मनात म्हटलं, ह्यापेक्षा चांगलं काय असतं? दरवानानं अदबीनं पाटीकडं बोट केलं. बंद बूट पाहिजेत. माझे कान लाल झाले. तेवढ्यात तो खाली वाकून बघत हळूच म्हणाला, "सायेब, कापशीचं का वो?" गडी आपल्या कागल भागातला निघाला! सोडता तर येत नव्हतं, नोकरीचा प्रश्न. त्यानं मला केबिनमध्ये नेलं, स्वतःचे काळे बूट काढून दिले. एक नंबर मोठे होते. पुढं कागद कोंबून मी आत गेलो आणि जेवणभर पाय टेबलाखाली ओढून बसलो. त्या जेवणात ऑर्डर मिळाली, पण काय खाल्लं ते विचारशील तर आठवत नाही. बाहेर आलो तर हा केबिनच्या अंधारात माझं पायताण घालून उभा. मला बघून लाजला. म्हणाला, "लई दिसांनी घातलं."

तेच पायताण. 2019 मध्ये कोल्हापुरी चप्पल म्हणून त्याला जीआय, म्हणजे मूळ जागेच्या नावाचा हक्क मिळाला, आपले चार जिल्हे आणि कर्नाटकातले चार मिळून. आणि 2025 मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा ह्या इटलीच्या बड्या फॅशन कंपनीनं अगदी तसलीच चप्पल पुरुषांच्या पायात घालून फिरवली, कोल्हापूरचं नाव न घेता. इथं आरडाओरडा झाला तेव्हा प्रेरणा भारतातली होती हे कबूल केलं. मी तो फोटो बघून बराच वेळ हसत होतो. त्या क्लबाच्या पाटीवर आता काय लिहिलं असेल कुणास ठाऊक.

तर पाहुणी म्हणून जातेस तेव्हा पाटी पाळ. देश तसा वेश. तिथं तू भांडायला जात नाहीस, कंपनीचं काम घेऊन जातेस. पण घातलेल्या कपड्यानं आपण मोठे झालो असं वाटून घेऊ नकोस, नि एखादा शर्ट चुकला म्हणून खालीही बघू नकोस. उद्या कुठल्या कमिटीवर बसलीस तर मग प्रत्येक नियमाला कारण विचार. शिरोलीत मला विचारलं होतंस तसंच, तोंड फुगवून.

खेळाची खरी रीत कपड्यांच्या पाटीवर लिहिलेली नसते. समोरचा मारत असताना हलायचं नाही, बोलायचं नाही, फोन गप्प ठेवायचा. त्याचा चेंडू भोकाकडं ज्या वाटेनं जाणार ती तुडवायची नाही. वाळूत पाय पडले की दाताळ्यानं सारखं करायचं. उखडलेलं गवत जागेवर दाबायचं. आणि स्वतःची चूक स्वतः सांगायची, कारण बहुतेक वेळा तिथं पंच नसतो. 1925 च्या गोल्फच्या यूएस ओपनमध्ये बॉबी जोन्स ह्या अमेरिकन खेळाडूचा चेंडू गवतात किंचित हलला. त्याच्याशिवाय कुणाला दिसलं नाही. त्यानं स्वतःवर एक फटका लावून घेतला, शेवटी बरोबरी झाली आणि निकालासाठी पुन्हा खेळले त्यात तो हरला. लोक कौतुक करायला लागले तर त्याला ते आवडलं नाही. बँक लुटली नाही म्हणून शाबासकी देताय का, असा त्याचा सूर होता. आपल्या तपासणी खात्यात कास्टिंगमधला ब्लोहोल, म्हणजे हवेनं पडलेलं भोक, झाकून पाठवणाऱ्यांना मी ही गोष्ट सांगायचो. तू ऐकली आहेस, पण पुन्हा ऐक.

अजून एक. तुझी काठ्यांची पिशवी कॅडी उचलेल. त्याला नाव विचार आणि अरे-तुरे करू नकोस, कस्टमर करत असला तरी. त्यालाही बहुधा क्लबाचा ठरलेला वेश असतो, पण त्यावर चर्चा कुणी करत नाही. 1991 मध्ये गोल्फची इंडियन ओपन जिंकणारा पहिला भारतीय व्यावसायिक खेळाडू अली शेर हा दिल्लीच्या मैदानावर कॅडी म्हणूनच वाढला. कुठली काठी घेऊ असं कॅडीला विचारलंस तर तुझी निम्मी फजिती वाचेल. उरलेली निम्मी होऊ दे. कस्टमरला पहिल्यांदा खेळणारी, पण धडपडणारी माणसं आवडतात, हा माझा अनुभव.

पँट राजारामपुरीत शिवायला टाकणार असशील तर उद्याच टाक, तो टेलर कधी वेळेत देत नाही. शुक्रवारी निघताना घरावरनं जा, काकू भडंग बांधून देणार आहे. गाडीत तुझं पायताण टाकून ठेव, दिवसभर बुटात पाय आवळतील. फक्त तिथल्या पार्किंगमध्ये बदलू नकोस. जुन्या वळणाच्या क्लबांना तेही खपत नाही. गेटबाहेर ये, गाडी बाजूला घे आणि मग बदल.

तुझा,
काका