होम सर्व्हरसाठी ड्राइव्ह घेताना आधी सीएमआर की एसएमआर ते बघ

ब्रँड कुठला यावर डोकेफोड करत बसू नको, हार्ड ड्राइव्ह सीएमआर आहे की एसएमआर, म्हणजे डेटा लिहायच्या दोन पद्धतींपैकी कुठली, ते आधी डेटाशीटमध्ये बघ. सीएमआरमध्ये ट्रॅक, म्हणजे डेटा लिहायच्या गोल पट्ट्या, सुट्या असतात. एसएमआरमध्ये ट्रॅक कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले असतात, त्यामुळे एका जागी काही बदललं तरी शेजारचे ट्रॅक परत लिहावे लागतात, आणि एक डिस्क गेल्यावर रिबिल्ड (नव्या डिस्कवर डेटा परत भरणं) चालू असताना स्पीड इतका पडतो की झेडएफएस (अनेक डिस्क एकत्र सांभाळणारी फाइल सिस्टिम) कधीकधी ती नवी डिस्कच बाद ठरवतं. २०२० मध्ये नॅससाठी (नेटवर्कवरच्या स्टोरेजसाठी) विकल्या जाणाऱ्या डब्ल्यूडी रेडच्या काही मॉडेल्समध्ये पण एसएमआर निघालं होतं, तेव्हा नुसतं 'नॅस' लिहिलेलं बघून घेऊ नको, पूर्ण मॉडेल नंबर तपास.

डिस्क आली की लगेच डेटा टाकायचा नाही हं! आधी स्मार्टची (डिस्कमधलीच तब्येत तपासायची सोय) लाँग टेस्ट लाव, मोठ्या डिस्कला अख्खा दिवस लागू शकतो, लागू दे. मग स्मार्टच्या यादीत ५, १९७, १९८ या नंबरच्या ओळी बघ, म्हणजे रिअलोकेटेड (खराब म्हणून बदललेले), पेंडिंग (संशयित) आणि अनकरेक्टेबल (दुरुस्त न होणारे) सेक्टर, म्हणजे डिस्कचे छोटे तुकडे, किती ते. नव्या डिस्कवर तिथे शून्य सोडून काहीही दिसलं तर मुदतीत परत कर, वाट बघू नको.

आणि मिररिंग (तोच डेटा दोन डिस्कवर एकदम ठेवणं) म्हणजे बॅकअप नाही, चुकून डिलीट झालेली फाइल दोन्हीकडून एकदमच जाते. घरच्या फोटोंची एक कॉपी दुसऱ्या जागी ठेवच.